भारंभार गूळ

पुष्पाबाईनं हात केला म्हणून जागेश्वरनं ऑटो थांबवला, आणि ती जे बोलली ते ऐकल्यावर त्याला वाटलं, नसता थांबवला तर बरं झालं असतं. सकाळचे सात वाजले होते. नागऱ्याच्या देवळाकडून येणाऱ्या रस्त्यावर माघातलं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. मागं पाच सवाऱ्या, पुढं त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि साडेसातच्या आत गोंदियाच्या स्टँडवर लागायचं होतं. पुष्पाबाई बसायला आलीच नव्हती. तिच्या तोंडावर हसू होतं. "जागेश्वरभाऊ, येत्या सोमवारी सकाळी मोकळे राहजा. तुमच्या घरचा तो मिलमधला तराजू आणा लागते. पोरीची तुला हाय." "कोणाच्या पोरीची?" त्यानं उगाच विचारलं. "घ्या! कोणाच्या म्हणजे? आमच्या डिंपलची. मी बोलली होती ना महादेवाले, पोरीचं अंग उतरू दे, तिच्या भारंभार गूळ वाटीन म्हणून. उतरलं ना बाप्पा! पाह्यलं नाही का तुमी, कशी काडीवानी झाली ते?" मागून एक बाई म्हणाली, "हो ना माय, ओळखूच येत नाही." जागेश्वरनं मान हलवली. हो म्हणाला की नाही म्हणाला, त्याचं त्याला कळलं नाही. मग त्यानं गिअर टाकला आणि गाडी हलली.

पाह्यलं नाही का तुमी! आता ह्याला काय म्हणावं? गेल्या आठ महिन्यांत त्या पोरीला जेवढं जागेश्वरनं पाहिलं होतं तेवढं तिच्या जन्मदात्रीनंसुद्धा पाहिलं नसेल. आणि त्याचं पाहणं म्हणजे तुमच्याआमच्यासारखं पाहणं नव्हे. गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये तो बावीस वर्षं काट्यावर होता. धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, हमालाच्या पाठीवरून खाली यायच्या आत हा वजन सांगायचा, आणि काटा नंतर तेच सांगायचा. शेटनं पहिल्या वर्षी परीक्षा घेतली, दुसऱ्या वर्षी पैज लावली, तिसऱ्या वर्षी नाद सोडला. पुढं पुढं कट्ट्यांवरून गाडी बकऱ्यांवर गेली, बकऱ्यांवरून माणसांवर. लग्नात नवरदेव घोड्यावर चढला की लोक नवरदेवाकडं नंतर पाहायचे, आधी ह्याच्याकडं. "अठ्ठावन्न," हा म्हणायचा, आणि कोणीतरी हौशी माणूस चार दिवसांनी त्या नवरदेवाला धरून काट्यावर उभा करायचा. अठ्ठावन्नच. माणसाला कशाचा तरी गर्व लागतो. जागेश्वरपाशी जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, दोन्ही पोरं नागपूरकडं निघून गेली होती. होता तो हा एक डोळा. नऊ वर्षांपूर्वी मिलमध्ये आकडे पेटणारा काटा आला आणि शेटनं हात जोडले. जाताना जुना लोखंडी तराजू, साखळ्यांसकट, भंगारात घालण्यापेक्षा तू ने म्हणाला. तराजू गोठ्यात टांगला गेला, जागेश्वरनं जुना ऑटो घेतला, आणि नागरा-गोंदिया, गोंदिया-नागरा सुरू झालं. डोळा मात्र मिलमध्ये राहिला नाही. तो बरोबर आला.

ऑटो घेतला तेव्हापासून त्याला एक खोड होती. डाव्या बाजूचा शॉकअप बसलेला. मेकॅनिकनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, भाऊ, हा बदलून टाक, गाडी झुकते. जागेश्वर हसला होता. "शॉकअप कायले बदलवू? मी सवाऱ्या बदलवीन ना!" आणि तसंच त्यानं केलं. सवारी लांबून येताना दिसली की ह्याच्या डोक्यात गणित व्हायचं: जड उजवीकडं, मध्यम मधात, हलकी डावीकडं. "गुरुजी, तुमी इकडं या. बाई, तुमी थोड्या सरका. तू रे, तू कडेले बैस, तुझ्यात काय हाय?" लोक निमूट उठायचे, बसायचे. गाडी सरळ चालायची, रस्त्यातल्या ढोलीच्या अवघड वळणावरसुद्धा. स्टँडवरचे बाकीचे ऑटोवाले म्हणायचे, जागेश्वरच्या गाडीत बसायचं म्हणजे कट्ट्यांची थप्पी लावल्यासारखं. तो ते कौतुक समजायचा. होतंही ते कौतुकच.

आता गाडी तळ्याच्या पाळीवरून चालली होती, त्या बाजूला काठावर पाणकोंबड्या होत्या, आणि जागेश्वरला तळं दिसत नव्हतं. त्याला तो जुलैतला दिवस दिसत होता. शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले होते. रामलाल कटरेची डिंपल, दहावीत गेलेली, नवीन दप्तर, तेल लावलेल्या दोन वेण्या, मैत्रिणीशी बोलता बोलता गाडीत चढली आणि मैत्रिणीला आत सरकवून स्वतः डाव्या कडेला बसली. वाऱ्यासाठी. पोरींना कडेची जागा आवडते. जागेश्वर तेव्हा कोणाशीतरी बोलत होता, त्याचं लक्ष नव्हतं. वळणावर गाडी भसकन डावीकडं गेली. मागं बायका ओरडल्या. त्यानं ब्रेक मारला, वळून पाहिलं, आणि तोंडातून जे निघालं ते मिलमधल्या आवाजात निघालं, जो आवाज बावीस वर्षं हमालांवर ओरडून घट्ट झाला होता: "अरे, हे बहात्तर किलोचं पोतं कडेले कोनं ठेवलं? मधात घ्या, मधात!"

बस. एवढंच. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. सगळी गाडी हसली. तोही हसला, ही गोष्ट तो स्वतःपासून लपवत नव्हता. पुढं त्याच्याजवळ बसलेला टिंकू, डिंपलच्याच वर्गातला, मांडीवर थापा मारून "बहात्तर! बहात्तर!" करत सुटला. पोरगी उठली, मधात बसली, दप्तर मांडीवर उभं धरलं, त्याच्याआड तोंड केलं. शाळेपाशी उतरली आणि सरळ आत गेली. त्याला वाटलं, संपलं. लेकरांचं काय, संध्याकाळी विसरतात. दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर नव्हती. तळ्याच्या पुढं, रस्त्याच्या कडेनं, खाली मान घालून चालताना दिसली. त्यानं हॉर्न दिला. तिनं पाहिलं नाही. टिंकू गाडीतून ओरडला, "बहात्तर वो!" जागेश्वरनं त्याला दटावलं खरं, पण दटावताना आवाजात जोर नव्हता. कोणत्या तोंडानं दटावणार? शब्द टिंकूचा नव्हता.

तेव्हापासून ती रोज चालत होती. जाताना पाच किलोमीटर, येताना पाच. आणि तो रोज तिच्या बाजूनं गाडी काढत होता, जाताना पाठमोरी, येताना समोरून. सुरुवातीला त्याला बरंच वाटलं, खोटं कायले बोला. चालणं चांगलंच की. पोळ्यापर्यंत सहासष्ट. त्याला मोजायचं नव्हतं, पण डोळा त्याचं ऐकायचा कुठं? दसऱ्याला साठ. गावातल्या बायका म्हणू लागल्या, पोट्टी छान दिसून राहिली. दिवाळीत पंचावन्न, आणि त्यानं मनात म्हटलं, बास, आता इथंच थांब माय. ती थांबली नाही. थंडी पडली तेव्हा अठ्ठेचाळीस. स्वेटर घातलेला असला तरी खांद्यांची हाडं स्वेटरच्या वरून दिसत होती. संक्रांतीला त्रेचाळीस. चालणं बदललं होतं. आधी पाय टाकायची, आता पाय उचलून ठेवायची, चिखलातून जाणाऱ्या माणसागत, आणि रस्ता तर कोरडा. दोन वेण्यांची एक झाली होती, ती एकसुद्धा दोरीएवढी. एकदा त्यानं तिला तळ्याच्या पाळीवर बसलेली पाहिलं. डबा उघडून ती माशांना पोळी घालत होती. तुकडा तुकडा, अगदी मन लावून. गाडीत सवाऱ्या होत्या, म्हणून तो थांबला नाही. नंतर तो स्वतःला हेच सांगत राहिला, सवाऱ्या होत्या. त्या दिवशी गाडीत एकच म्हातारा होता आणि त्याला कुठंच घाई नव्हती.

सांगायचा प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. भागरताला, म्हणजे बायकोला, एका संध्याकाळी म्हणाला, "रामलालची पोरगी लयच उतरून राहिली." ती चुलीपुढं भाकर थापत होती. "मंग चांगलंच हाय ना. लग्नाले बरी. आधी कशी होती, बाप्पा!" तो म्हणाला, "तसं नाही. ती खाऊन नाही राहिली." "तुमाले काय ठाऊक? तुमी तिच्या ताटात पाह्यले गेले होते काय?" भागरतानं भाकर उलटवली. मग एकदम त्याच्याकडं पाहून म्हणाली, "तुमाले कायची एवढी पडली तिची?" तो उठून गोठ्यात गेला. तिथं तराजू टांगलेला होता, कोळ्यांनी जाळी केली होती. पुष्पाबाईलाही त्यानं एकदा बाजारात धरलं. "वहिनी, पोरीले दवाखान्यात दाखवा एकदा." ती हसली. "दवाखाना कायले? डॉक्टर तरी आणखी काय करणार हाय? महादेव पावला मले. सोळा सोमवार काय उगाच धरले? आन् पोरगी बी सोमवार धरते आता, मंगळवार बी धरते, शनिवार बी धरते. लय भक्तीची झाली." तो तेव्हाच म्हणू शकला असता: वहिनी, देवाचं नाव नका सांगू, हे माझं काम हाय. मी तिले पोतं म्हणलो. चोराच्या मनात चांदणं. आपण बोललो की सगळा बाजार आपल्याकडं पाहील असं त्याला वाटलं. त्यानं भेंड्या घेतल्या आणि तो घरी आला.

आणि आता ही तुला. त्याला हसू यावं की रडू, कळेना, कारण ह्या पोरीची एक तुला आधी होऊन गेली होती आणि तीही त्याच्याच तराजूत. तीन वर्षांची होती डिंपल. न्यूमोनियातून उठलेली, डोळेच तेवढे मोठे. पुष्पाबाईनं नवस बोलला होता, पोर जगू दे, भारंभार गूळ वाटीन. तेव्हा तो मिलमध्ये होता. शेटला विचारून तराजू बैलगाडीत घालून आणला, देवळाजवळच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. अकरा किलो. त्याला ते पारड्याकडं न बघताच ठाऊक होतं. पुष्पाबाईचा चेहरा पडला. "एवढीशीच?" ती म्हणाली, इतक्या हळू की फक्त त्यालाच ऐकू गेलं. आणि जागेश्वरनं, ज्यानं बावीस वर्षांत एका दाण्याची खोट केली नाही, त्यानं लेकराच्या पारड्याच्या काठावर अंगठा ठेवला. थोडासा. पारडं खाली गेलं, पलीकडं गूळ वाढला, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "तेरा किलो!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनंसुद्धा पारड्यात बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. पुष्पाबाईनं त्याच्या हातावर पहिला गुळाचा खडा ठेवला. तेरा वर्षं तो ती गोष्ट आठवून मनात सुखी व्हायचा. आयुष्यात एकदाच खोटं वजन केलं, ते एका लेकराला दोन किलो द्यायला. तेव्हा आकडा वाढला की लोक टाळ्या वाजवत होते. त्याच पोरीचा आकडा त्यानं दुसऱ्यांदा ओरडून सांगितला तेव्हा लोक हसले. आकडा सांगणारा तोच, आवाजही तोच.

सोमवारपर्यंतचे चार दिवस त्यानं गाडी चालवली, पण कशी चालवली ते त्याला विचारू नका. सवाऱ्या आपापल्या मनानं बसत होत्या आणि तो कोणालाच सरकवत नव्हता. वळणावर गाडी झुकली की बायका ओरडायच्या, "काऊन भाऊ, आज काय झालं?" तो म्हणायचा, काही नाही. रात्री त्यानं तराजू उतरवून पुसला. साखळ्यांना तेल दिलं. एकदा मनात आलं, साखळीची एक कडी तोडून टाकावी आणि सांगावं, मोडला. पण मग किराणावाल्या मुन्नालालचा काटा आणतील. आकडा तोच येईल. आकड्याला तो थोपवू शकत नव्हता, ओरडून सांगणं तेवढं त्याच्या हातात होतं. त्यानं ठरवलं, सोमवारी सगळ्यांसमोर बोलायचं. लोक काय म्हणतील ते म्हणोत. बायांनो, तुमी टाळ्या कायच्या वाजवता, पोरगी मरून राहिली हे दिसत नाही काय, असं म्हणायचं. हे वाक्य त्यानं रिकाम्या गाडीत मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. चांगलं वाटलं.

सोमवारी कडुलिंबाखाली तीसेक माणसं होती. बहुतेक बायकाच. रामलाल धोतर-टोपी घालून एका बाजूला उभा होता, गुळाच्या भेल्या चादरीवर रचलेल्या. डिंपल शाळेच्या कपड्यांत आली. सराव परीक्षा होती, तुला झाली की तिथूनच शाळेत जायचं होतं. जवळून त्यानं तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. गालांवर बारीक लव आलेली, ओठ फुटलेले, आणि हातांची नखं जांभळट. तिनं पारड्यात पाय ठेवला तेव्हा साखळी वाजलीसुद्धा नाही. मिलमध्ये धानाचा कट्टा साधारण चाळीस किलोचा असतो. कोणी हमाल एका हातानं उचलतो. एकोणचाळीस, त्याचा डोळा म्हणाला, आणि डोळ्यानं म्हटलं की मग काट्यात बदल होत नाही. त्यानं मोठ्या पाच किलोच्या सात भेल्या ठेवल्या, लहान किलोच्या चार ठेवल्या. दांडी सरळ झाली. दोन्ही पारडी हवेत उभी राहिली, जराही न हलता.

"सांगा ना भाऊ!" पुष्पाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. आता बोलायचं होतं. वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात पोरगी बोलली. आठ महिन्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती पुढं वाकली, साखळी दोन्ही हातांनी धरून, आणि त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, एक भेली काढून पाहा ना."

त्याला आधी समजलंच नाही. "कायले माय?" "एक काढा ना. मोठी. जास्त असन ती." तिच्या तोंडावर आशा होती. लेकरू खाऊला हात पुढं करतं तेव्हा त्याच्या तोंडावर असते तशी. ती बोलली होती. एवढ्या महिन्यांनी त्याला काका म्हणाली होती, काहीतरी मागितलं होतं. नाही म्हणणं त्याच्यानं झालं नाही. त्यानं एक मोठी भेली उचलली. उचलता उचलता त्याचा दुसरा हात आपोआप तिच्या पारड्याच्या खाली गेला, आधार द्यायला, म्हणजे पारडं खाली जाणार नाही, म्हणजे ती पाच किलोनं हलकी ठरेल, म्हणजे ती हसेल. अंगठ्याचंच ते काम, उलटं. क्षणभर पारडं त्याच्या तळहातावर होतं. एवढंसं ओझं. आणि त्याला कळलं की आपण तिला काय देऊन राहिलो. त्यानं हात काढून घेतला, चटका बसल्यागत.

पारडं धाडकन खाली गेलं. जमिनीवर आपटलं, तिचे गुडघे वर आले, दप्तर सांडलं. मागून कोणीतरी हसलं. वाईट मनानं नाही, सहज, माणूस घसरला की हसतात तसं, आणि एक बाई म्हणाली, "अजून वजन हाय हो पोरीत!" डिंपलनं वर पाहिलं. तोच चेहरा. जुलैतला, दप्तराच्या आड गेला तो. तेव्हा गाडीत त्याला तो नीट दिसला नव्हता, आता दिसला. "नाही, नाही, माझी चूक झाली," तो भेली परत ठेवत म्हणाला, "हे पाहा, हे पाहा, सरळ झाली," पण पारड्यात कोणी नव्हतं. भेल्यांचं पारडं आता खाली गेलं होतं आणि पोरगी दप्तर उचलून, कपडे झटकून, रस्त्याला लागली होती. "अवं, प्रसाद तं घे!" पुष्पाबाई ओरडली. "पेपरले उशीर होते," ती न वळता म्हणाली. रामलाल गूळ फोडायला बसला. सगळ्यांचं लक्ष गुळाकडं गेलं. जागेश्वर तिथंच म्हणाला, "वहिनी, पोरगी मरून राहिली वो." म्हणाला, पण ते वाक्य त्यानं गाडीत म्हणून पाहिलं होतं तसं निघालं नाही, आवाज बसलेला होता. पुष्पाबाईच्या हातातला गूळ तसाच राहिला. "सकाळी सकाळी असं अभद्र काय बोलता, भाऊ?" ती म्हणाली. "मी तिले पोतं म्हणलो होतो," तो म्हणाला, "आखाडात. गाडीत. सगळ्यांसमोर. तवापासून ती खात नाही. महादेव नाही पावला तुमाले, वहिनी." तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडं. जवळच्या दोन बायका ऐकत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. तो तराजू तसाच टाकून गाडीकडं पळाला.

तळ्याच्या पुढं त्यानं तिला गाठलं. गाडी तिच्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चालवत ठेवली. "बैस माय. पेपरले उशीर होईन." ती चालत राहिली. "डिंपल. मी चुकलो. मी तुले तसं बोलाले नाही पाहिजे होतं. मले माफ कर." ह्या चार शब्दांना त्याला आठ महिने लागले होते. ती म्हणाली, "तुमी कुठं चुकले, काका?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चुकलो ना. उगाच बोललो. माझा अंदाज चुकला होता. बहात्तर कुठची? तू साठाच्या वर नव्हतीच." आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या डोळ्याला खोटं ठरवत होता आणि त्याला ते जराही जड गेलं नाही. पोरीनं मान हलवली. "मी त्याच दिवशी मोजलं होतं, काका. शाळा सुटल्यावर. मुन्नालालच्या दुकानात धान मोजाचा काटा हाय ना, त्याच्यावर उभी राह्यली होती. बहात्तरच भरलं." तिला धाप लागली होती. "तुमचा अंदाज चुकत नाही. सगळेच सांगतात."

आज मिलमधला कोणी ते ऐकायला असता तर म्हणाला असता, वा रे गड्या. "आज किती भरलं?" तिनं विचारलं. कमी सांगावं तर ती आनंदानं उद्याही उपाशी राहणार, जास्त सांगावं तर भीतीनं. खरं सांगावं तर तेही तिच्या कामाचंच. असा एकही आकडा नव्हता की जो तिला जेवायला बसवील. बावीस वर्षं आकड्यांवर काढली, आणि हे त्याला आज कळत होतं, पन्नाशी उलटून गेल्यावर. "मले आता दिसत नाही, माय," तो म्हणाला. "डोळा गेला माझा." ती हसली. पहिल्यांदाच हसली, आणि तिच्या हिरड्या पांढऱ्या होत्या. "काहीपण सांगता, काका." "तू बैस ना. पायाले काय झालं पाह्य तुझ्या. कुठं बसाचं तिथं बैस. कडेले बैस, वारा लागते तिथं. मी कोनाले घेत नाही आज, तू एकटीच." तिनं गाडीकडं पाहिलं, मागच्या सीटकडं, डाव्या बाजूकडं. तिच्या मनात आलं असावं, कारण पाय थबकले होते आणि हात दांड्याकडं गेला होता. मग तिनं हात मागं घेतला.

"नको काका," ती म्हणाली. "गाडी झुकते."

आणि पुढं चालू लागली. जागेश्वरनं इंजिन बंद केलं. खाली उतरला. तिच्या मागं चालत जायचं असं त्याच्या मनात होतं, शाळेपर्यंत, आणि परत येतानाही, उद्याही. आठ-दहा पावलं गेल्यावर गाडीची किल्ली काढायची राहिली म्हणून त्यानं वळून पाहिलं, आणि तो तिथंच उभा राहिला. रस्ता सपाट होता. गाडीत कोणी नव्हतं. आणि गाडी डावीकडं झुकलेली होती, अगदी त्या दिवशी वळणावर होती तशी. नऊ वर्षं तो तिच्यात माणसं रचत आला होता आणि रिकामी असताना तिच्याकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. "डिंपल!" तो ओरडला. मिलमधला तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. हा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "डिंपल, माय, इकडं पाह्य! मागं पाह्य एक डाव! कोनीच नाही वो गाडीत. रिकामीच हाय. रिकामी असली तरी झुकते ती!"

ती थांबली. तिनं दप्तर ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि मागं न पाहता, पाय उचलून उचलून ठेवत, चालत राहिली.